एकतीस नंबरचं मेण

१

त्या बेटावर माणसं दोनच, आणि दोघांनाही नावाची गरज उरली नव्हती. बाई म्हणजे बाई. पाखरांच्या शास्त्रज्ञ, ठाण्याच्या प्रमुख, आणि पन्नाशी उलटली तरी कडा शेळीसारख्या चढणाऱ्या. दुसरा दातवाला. तो दात वाचायचा, म्हणून दातवाला. माणसांच्या दातांशी त्याचा काही संबंध नव्हता, निदान त्या मंगळवारपर्यंत तरी नव्हता.

काम असं. बेटभर अठ्ठेचाळीस लाकडी पेट्या ठेवलेल्या. प्रत्येकीला मुठीएवढं भोक, वर स्क्रूनं आवळलेलं झाकण, आणि आत तारेला ओवलेली मेणाची वडी, साबणाच्या वडीएवढी, दाण्याचा वास लावलेली. उंदराला तो वास आवरत नाही. तो येतो, कुरतडतो आणि आपली सही ठेवून जातो. दातवाला रोज सकाळी फेरीला निघायचा, खूण असलेली वडी उचलून आणायचा, भिंगाखाली धरायचा आणि सांगायचा की हा खेकडा, ही पाखराची चोच, ही नुसती गोगलगाय. उंदीर असं म्हणायची वेळ दोन वर्षांत एकदाही आली नव्हती.

उंदीर बेटावर आले होते फार पूर्वी, कुठल्याशा फुटलेल्या जहाजातून. तिथं एक करडं समुद्रपाखरू जमिनीत बीळ करून एकच अंडं घालतं, आणि जगात दुसरीकडे कुठंही घालत नाही. त्याच्या पिल्लाला पळणं ठाऊक नाही. दात असलेला, बिळात शिरणारा प्राणीच बेटावर कधी नव्हता, मग पळायचं कुणापासून? उंदीर बिळात शिरायचा, पिल्लाला मागून खायला लागायचा, आणि पिल्लू बसून राहायचं, दोन-दोन दिवस. बाईंनी तरुणपणी अशी पिल्लं हातात धरली होती, पुढून धडधाकट आणि मागून पोकळ. तेव्हापासून दयामाया हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

मग बेटभर विष पेरलं आणि उंदीर मेले. पाखरं परतली. त्यांची शीट पावसाबरोबर समुद्रात उतरू लागली, तिच्यावर कड्याखालचं प्रवाळ पुन्हा धरलं, मासे आले. आता नियम एवढाच होता, की सलग दोन वर्षं खूण नाही तर बेट उंदीरमुक्त. ओळख न पटणारी एक जरी खूण निघाली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा विष, पुन्हा दोन वर्षं.

एकोणीस दिवस उरले होते. दातवाल्याची मुलगी घरी वाट बघत होती, बोटीनं दोन दिवसांच्या अंतरावर. सहा वर्षांची, पुढचे दात हलायला लागलेली. तो तिला लाडानं उंदरू म्हणायचा. गेल्या रजेत त्यानं तिला शब्द दिला होता, की तुझे पुढचे दोन्ही दात पडायच्या आत मी कायमचा घरी येतो. तो शब्द पाळायचा, याखेरीज त्याला त्या बेटाकडून काही नको होतं.

२

एकतीस नंबरची पेटी वाऱ्याच्या बाजूला, गवताच्या उतारावर होती. मंगळवारी त्यानं झाकण उघडलं आणि वडीचा कोपरा खाल्लेला दिसला. संपलं सगळं, हा पहिला विचार. मग त्यानं वडी उजेडात धरली, आणि दुसरा विचार काही येईना.

उंदीर खरवडतो. बारीक, जोडीजोडीनं ओरखडे काढतो. इथं खरवडलेलं काही नव्हतं, चावलेलं होतं. वर एक अर्धगोल, खाली एक अर्धगोल, आणि मधला घास गायब. टेबलावर आणून त्यानं भिंग लावलं, पट्टी लावली. दात रुंद, सपाट. वरच्या रांगेत समोर, डावीकडे, एका दाताची जागा मोकळी. तिथलं मेण न चावता तसंच उभं राहिलेलं.

त्यानं डोकं चालवलं, डोकं चालवायचंच त्याचं काम होतं. सीलचे दात टोकदार असतात. माकड बेटावर कुठून येणार? बाईंनी थट्टा केली म्हणावं, तर थट्टेशी बाईंचं सात जन्मांचं वैर, शिवाय त्यांच्या वरच्या दातांची कवळी, एकाही फटीविना. आणि कुणीही असलं तरी चावणार कसं? भोक मुठीएवढं, झाकण आवळलेलं, तार जागच्या जागी. ज्याचं डोकं आत जाईल त्याचे दात एवढे नसतात, आणि ज्याचे दात एवढे असतात त्याचं डोकं आत जात नाही.

शेवटी त्यानं नमुन्यांचा डबा काढला. उंदराचे दात, खेकड्याचा आकडा, चोची, सगळ्यांच्या खुणा असलेल्या वड्या ओळीनं मांडलेल्या. त्यांत एक वडी अशी होती, की जिची बाईंना खबर नव्हती. रजेत मुलीनं विचारलं होतं, बाबा तू तिथं करतोस काय? त्यानं तिला कोरी वडी दिली, ती तिनं हसत हसत कचकन चावली, आणि त्यानं वर चिठ्ठी लावली होती, ‘उंदरू, वय सहा’. आता बेटावर पाय ठेवण्याआधी प्रत्येकाची झडती होते. बुटांचे तळ घासतात, खिसे उलटे करतात, पिशवीची शिवण न् शिवण ब्रशनं झाडतात, कारण बाहेरचं एक बी, एक अळी, एक केससुद्धा बेटावर यायचा नाही. दातवाल्यानं स्वतः कितीतरी जणांचे खिसे असे उलटे केले होते. पण ती वडी त्यानं सदऱ्याच्या आतल्या बाजूला बनियनला टाचून आणली. बापाचं मन, दुसरं काय.

दोन्ही वड्या त्यानं शेजारी ठेवल्या. रुंदीत केसाचाही फरक नाही. खालचा एक दात जरा तिरका, इथंही तिरका. फक्त मुलीच्या वडीत पुढचे सगळे दात होते, आणि या वडीत एक नव्हता. तो फरक बघून त्याला इतकं बरं वाटलं की तो मोठ्यानं हसला. वहीत लिहिलं, एकतीस, खेकडा. जेवताना बाईंनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं.

“उंदीर नाही ना?” बाई म्हणाल्या. “मग पुढचं मला सांगू नका.”

३

रविवारी अकराला फोन, दहा मिनिटं. बायकोनं आधी नळ गळतोय ते सांगितलं, मग शाळेची तक्रार सांगितली, मग पोरगीनं तिच्या हातातून फोन ओढून घेतला.

“बाबा, माझा दात पडला.”

त्यानं विचारलं, कुठला. पुढचा, वरचा, ती म्हणाली. डावा की उजवा, ते तिला कळत नव्हतं. ज्या हातानं लिहीत नाही त्या बाजूचा, असं तिनं बऱ्याच विचारानं सांगितलं. ती उजव्या हातानं लिहायची.

त्यानं बायकोला फोन द्यायला सांगितलं आणि कधी पडला ते विचारलं. सोमवारी, संध्याकाळी. म्हणजे एकतीस नंबरची वडी सापडली त्याच्या आदल्या दिवशी. बायको बोलतच होती. शेजारचाही हलतोय, नाचवत बसते दिवसभर. आणि हल्ली सकाळी उठली की नाश्त्याला तोंड लावत नाही, पोट भरलंय म्हणते. तोंडाला दाण्याचा वास येतो म्हणते, आणि घरात तर दाणे आणलेलेच नाहीत.

“लवकर या हो,” ती शेवटी म्हणाली. “तिचा दुसरा दात काही फार दिवस टिकत नाही.”

चौदा दिवस, तो म्हणाला.

४

सोमवारी तो एकतीस नंबरकडे सगळ्यात शेवटी गेला. लांबण लावली तरी वाट संपते. झाकणाचे चार स्क्रू. पहिला काढताना त्याला वाटलं वारा आहे. दुसरा काढताना कळलं, वारा नाही. पेटीच्या आत कुणीतरी खात होतं.

उंदराचं खाणं तो झोपेतही ओळखला असता, ते करवतीसारखं असतं. हे तोंड उघडं ठेवून चावणं होतं, मचमच, मचमच, मधे थांबून नाकानं श्वास, की पुन्हा मचमच. त्याची मुलगी अशीच खायची. बायको त्यावरून तिला रोज बोलायची, तोंड मिटून खा गं, तोंड मिटून. दातवाल्यानं झाकणाला कान लावला. आतला आवाज थांबला. म्हणजे पलीकडूनही कुणीतरी कान लावला असावा, असं त्याला वाटून गेलं.

उरलेले स्क्रू त्यानं कसे काढले त्याचं त्याला माहीत. आत कुणी नव्हतं. वडी अर्धी संपली होती, आणि ओली होती. बोटाला चिकट लाळ लागली, अजून कोमट.

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं खाणारं भलतंच कुणी आणि खवखव याच्या जिवाला. दातवाला ठाण्यावर आला. बाई कड्यावर बिळं मोजायला गेल्या होत्या. त्यानं चुलीवर चमचा तापवला आणि दोन्ही वड्यांवरून फिरवला, मंगळवारच्याही आणि आजच्याही, दात पुसले जाईपर्यंत. मेण गुळगुळीत झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग त्यानं नमुन्यांच्या डब्यातली मुलीची वडी उचलली आणि चमचा तिच्यावर धरला. धरला, आणि हात थांबला. ही वितळवली तर तिकडे काय होईल, कुणी सांगावं? असला विचार आपल्या डोक्यात यावा याची त्याला लाज वाटली. तरी वडी त्यानं जपून परत ठेवली, आणि वहीत लिहिलं, खेकडा.

५

बुधवारी दुपारी बाई आल्या त्या टोपी हातात उलटी धरून. टोपी त्यांनी त्याच्या टेबलावर ठेवली. आत पिल्लू होतं, करड्या लवेचा गोळा, काळे डोळे टक्क उघडे. ते जिवंत होतं. पुढून जिवंत होतं.

एकतीसच्या शेजारचं बीळ, बाई म्हणाल्या. मग त्यांनी अंगठा पिल्लाच्या मानेवर ठेवून दाबला, कुणी दिवा मालवावा इतक्या सहज. हात पुसले आणि म्हणाल्या, वाचा.

दातवाल्यानं वाचलं. वर अर्धगोल, खाली अर्धगोल. वरच्या रांगेत समोर, डावीकडे, एक जागा मोकळी. मांस फाटलंय, नीट वाचता येत नाही, असं तो कसंबसं म्हणाला. बाईंनी एकतीसच्या वड्या मागितल्या. त्यानं दिल्या. बाईंनी गुळगुळीत मेणावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. त्यांना सगळं कळलं. म्हणजे त्यांना वाटलं, सगळं कळलं.

दातवाल्याला वाटलं आता वाभाडे निघणार. तसं काही झालं नाही. बाई खुर्ची ओढून बसल्या. पहिल्यांदाच त्या थकलेल्या दिसत होत्या.

“अकरा दिवस राहिलेत,” त्या म्हणाल्या. “एकच असणार. एकटाच असेल तर कुणाला कळायचं कारण नाही. आज निळ्या वड्या लावा, एकट्या एकतीसला. वहीत लिहू नका. मीही बघितलं नाही.”

उंदराला मांजर साक्ष, तसलाच प्रकार. पण सांगायची वेळ होती तर हीच. दातवाल्यानं तोंड उघडलंही. सांगणार काय? बाई, तो उंदीर नाही, ती माझी मुलगी आहे? खिडकीतून ऊन आत आलेलं, टेबलावर टोपी, भिंतीवर भरतीओहोटीचा तक्ता. असल्या खोलीत ते वाक्य बोलताच येत नव्हतं. दाखवायला खूणही नव्हती, त्यानंच चमच्यानं पुसलेली. आणि खूण दाखवायची, तर दोन वर्षं पुन्हा इथं. बरं, तो म्हणाला.

६

निळ्या वड्या कुलपात असतात. पांढरी वडी नुसतं आमिष, निळी म्हणजे विष. रंग अशासाठी, की कुणी खाल्लं ते कळावं. खाणाऱ्याचं तोंडही निळं होतं आणि लेंड्याही.

या विषाची गंमत दातवाल्यानं एकदा मुलीला झोपताना गोष्टीसारखी सांगितली होती. बायको चिडली होती, पोरीला काय असलं सांगता म्हणून. पण मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. उंदीर हुशार असतो, खाऊन लगेच दुखलं तर तो पुन्हा खायचा नाही आणि दुसऱ्यालाही खाऊ द्यायचा नाही. म्हणून हे विष सावकाश काम करतं. चार-पाच दिवस त्याला काहीच होत नाही, तो खेळतो, बागडतो. आतून मात्र त्याचं रक्त पातळ होत जातं. मग हिरड्यांतून येतं, नाकातून येतं. मग तो खायचं सोडतो. आणि शेवटी बिळाबाहेर येऊन भर उजेडात बसतो, माणूस जवळ गेला तरी पळत नाही. मग, बाबा? मग आपण काठीनं एकदाच मारायचं, म्हणजे त्याला त्रास होत नाही. मुलगी म्हणाली, त्याला म्हणावं, खाऊ नकोस. तो कसा ऐकेल, त्याला भूक असते ना, दातवाला म्हणाला होता.

उतारावर जाताना तो स्वतःची समजूत घालत होता. पोरगी या घडीला शाळेत बसली असेल, पाटीपुस्तक घेऊन. तिचा इथं काय संबंध? दातांचं काय घेऊन बसलात, जगात हजार पोरांचे डावे दात पडलेले असतील. उंदीर आहे, एखादा वेडावाकडा, दात तुटका उंदीर. त्यानं हातमोजे घातले, दोन निळ्या वड्या तारेला ओवल्या आणि झाकण आवळलं.

गुरुवारी सकाळी दोन्ही वड्या संपल्या होत्या. उंदीर इतकं एका दमात खात नाही. तारसुद्धा चाटूनपुसून लख्ख केलेली होती.

७

रविवारी अकराला फोन. सात दिवस राहिले होते. आवाज नेहमीसारखा ठेवून त्यानं विचारलं, कशी आहे. मजेत आहे, बायको म्हणाली, खेळतेय, बागडतेय, नुसता धुडगूस. फक्त एक झालं, गुरुवारी सकाळी उठली तर जीभ निळीशार. ओठसुद्धा. पेन चघळला असणार, मी चांगली रागावले. रडून सांगते, पेन नाही चघळला, बाबांनी दिलं ते खाल्लं. आता बाबा आहेत कुठं आणि देणार काय, काहीही बोलते.

दातवाल्यानं ओरडायलाच सुरुवात केली. आत्ता दवाखान्यात ने, आत्ताच्या आत्ता. रक्त तपासायला सांग, रक्त गोठतंय का ते. व्हिटॅमिन के द्यायला सांग, आहे तेवढं.

“अहो, पण काय खाल्लं म्हणून सांगू?”

उंदराचं विष, तो म्हणाला.

बायको अगदी हळू म्हणाली, आपल्या घरात उंदीरच नाहीत.

८

त्या विषाला उतारा आहे. हाताळणाऱ्या माणसांसाठी ठाण्याच्या औषधाच्या कपाटात त्याच्या गोळ्या असतात. दातवाल्यानं होत्या तेवढ्या सगळ्या कुटल्या, पांढरं मेण वितळवलं, वर दाण्याचा वास घातला, नेहमीपेक्षा दुप्पट, आणि त्याची एक वडी केली. उतारावर तो पळत गेला. वडी तारेला ओवली आणि पेटीपुढं गुडघे टेकून, भोकाशी तोंड नेऊन म्हणाला, खा गं बाळा, हे खा. आतून काही आवाज आला नाही.

सोमवारी वडी जशीच्या तशी होती.

दुपारी त्यानं बाईंना न विचारता फोन लावला. बायकोचा आवाज बसला होता. रक्त तपासलं, उत्तम आहे, गोठायला हवं तसं गोठतं. विषाचा मागमूस नाही. हट्ट धरून तिनं इंजेक्शनही देववलं, दोनदा. काही फरक नाही. हिरड्यांतून रक्त येतंय, सकाळी उशी भिजलेली. डॉक्टर म्हणतात, दात हलतोय, रक्त येणारच, आईबापांनी एवढं घाबरायचं नसतं. काही खात नाही, ती म्हणाली. कालपासून घासभरसुद्धा नाही.

ते औषध तिकडे लागू पडणार नव्हतं, कारण विष तिकडे नव्हतं. दातवाल्याला हे आता दोन आणि दोन चार इतकं सरळ दिसत होतं. आणि जे इथं होतं त्यानं खायचं सोडलं होतं. पुढं काय होतं तेही त्याला माहीत होतं. त्यानंच सांगितली होती ती गोष्ट.

९

मंगळवारी सकाळी लख्ख ऊन होतं. एकतीसची वडी पुन्हा तशीच. त्यानं ती तारेतून काढून हातात घेतली, आणि मान वर केली तेव्हा त्याला ते दिसलं.

पेटीपासून दहा-बारा पावलांवर, गवत आखूड होतं तिथं, उन्हात काहीतरी बसलं होतं. त्याच्याकडे पाठ करून. लहान, तपकिरी, अंग आक्रसून बसलेलं. श्वासाबरोबर पाठ वरखाली होत होती. तो चालत गेला. ते पळालं नाही. आणखी जवळ गेला. आता त्याला फक्त मानेकडची बाजू दिसत होती. तिथले केस दोन बाजूंना करून मधोमध सरळ भांग पाडलेला होता. असा भांग कंगवा लावून, पोरीला गुडघ्यांत धरून, रागावत रागावत पाडावा लागतो.

“उंदरू,” तो म्हणाला.

त्यानं गुडघे टेकले, हात पुढं केला आणि वडी त्याच्या तोंडापाशी नेली. मेणावर काहीतरी टेकल्याचं त्याला जाणवलं. एकदाच, अगदी हळू चावलं, ज्याला भूक नाही पण बापाचं मन मोडवत नाही अशा पोरानं चावावं तसं. मग तोंड बाजूला झालं. तो कळवळून म्हणाला, अजून एक घास, एकच.

“सरका बाजूला,” मागून बाई म्हणाल्या.

त्या काठी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा त्यानं दोन वर्षांत पाहिला नव्हता. त्या उंदराकडे बघत होत्या. त्यांना तिथं उंदीर दिसत होता, यात काही शंकाच नव्हती. नको म्हणायला दातवाल्याला एक श्वास मिळाला होता, अख्खा श्वास. नको म्हटलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, का? आणि का ते त्याच खोलीत, त्याच उन्हात, त्याच टेबलापाशी बसून सांगावं लागलं असतं. या एवढ्याशा विचारात तो श्वास संपला. काठी एकदाच वाजली. बाईंचा हात सराईत होता.

त्यानं बघितलं नाही. बाईंनी हातमोजा घालून काहीतरी उचललं, पिशवीत टाकलं आणि पिशवीला गाठ मारली.

“एकटाच होता,” त्या म्हणाल्या. उतारावरून खाली येताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

ठाण्यावर त्यांनी स्वतः वही ओढली. एकतीस, शून्य. पाच दिवस राहिले, दातवाले, पाच दिवस. मग जा घरी आणि बसा लेकीपाशी. दातवाला टेबलाशी बसला होता. मूठ उघडायला त्याला वेळ लागला. वडीवर एकच चावा होता. वरच्या रांगेत समोर आता दोन जागा मोकळ्या होत्या. दुसऱ्या जागेत, मेणात रुतून, मुळाशी लाल असलेला एक छोटासा दात राहिला होता.

तेवढ्यात फोन वाजला. मंगळवारी फोन वाजत नाही.

बाई खुशीत होत्या, त्यांनीच उचलला. अहो वहिनी, बरं झालं केलात, त्या म्हणाल्या, आमचं काम आज संपल्यातच जमा आहे, यांना आता लवकर घरी पाठवते. मग त्या थांबल्या. पलीकडचं ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता त्यांनी एकदा गाठ मारलेल्या पिशवीकडे बघितलं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि फोन दातवाल्यापुढं धरला. त्यानं तो घेतला नाही. तो भिंग लावून, नखानं, अगदी जपून, मेणातला दात मोकळा करत होता.